कुणाची हरकत असल्यास

आई, आपली कंपनी बंद करायचा अर्ज मी दिला. तुला हे सांगणारं दुसरं कुणी नाही, म्हणून मीच सांगते. काकूनं सही केली, मी केली, आणि आपले कंपनीचे कागद बघणाऱ्या सेक्रेटरीबाईंनी लोणावळ्याच्या त्यांच्या ऑफिसातून अर्ज पुढं पाठवला. तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस, "काकूला नोटीस दिलतीस का? येळेत?" दिली होती. लेखी, विषयपत्रिकेसकट, कायद्यात म्हटलेले पुरे दिवस आधी. तुझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आहे मी, तेवढ्यात तरी चुकणार नाही.

आज सकाळपासून मला कंपनी काढली ती वेळ आठवते आहे. आबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. तू आणि काकू, दोघी जावा मिळून, वलवणच्या बंगल्यांच्या चादरी आणि पडदे धुवायला लागला होतात. तिथल्याच आपल्या घराच्या परसातल्या दगडावर धुवायच्या, विहिरीच्या पाण्यावर. शेतकऱ्याच्या सुना लोकांची धुणी धुतात म्हणून भावकीनं नाकं मुरडली. तू म्हणालीस, नाक त्यांचं हाय, मुरडू द्या. मग एका मोठ्या हॉटेलचं काम येणार असं झालं, आणि त्या मॅनेजरनं तुला समोर उभं करून विचारलं, "बाई, काम चांगलं आहे तुमचं. पण उद्या तुम्हाला काही झालं तर माझ्या चादरींची जबाबदारी कुणावर?" नुकत्या विधवा झालेल्या बाईला हा प्रश्न विचारायचा असतो का? पण तू भांडली नाहीस. तशीच बाजारात गेलीस, आणि मलाही ओढत नेलंस. सेक्रेटरीबाई तेव्हा नव्या होत्या, टेबलाला अजून रंगाचा वास येत होता. त्यांनी समजावलं की कंपनी काढली तर ती कायद्यानं तुमच्याहून वेगळी. तुम्ही गेलात तरी ती राहते.

"म्हंजी मरतच न्हाई?" तू विचारलंस.

"मरत नाही," त्या म्हणाल्या. "पण काढली आणि मोकळे झालो असं नसतं हं. दर तिमाहीला संचालकांची बैठक, वर्षातून एक सभासदांची सभा, हिशेब तपासून घ्यायचे, वार्षिक विवरणपत्र भरायचं. धंदा चालो न चालो, हे चुकत नाही."

तू हसलीस. मला तुझं ते हसणं स्पष्ट दिसतं, कारण आबा गेल्यापासूनचं ते पहिलंच. "मंग त्यात काय नवं? गोठ्यात जनावर बांधल्यावर सण न्हाई का पाऊस न्हाई, वैरण घालावीच लागती." सेक्रेटरीबाईंनी हे वाक्य पुढं किती जणांना ऐकवलं असेल कोण जाणे. मला त्या दिवशी वाटलं होतं की तू हॉटेलच्या कामासाठी कंपनी काढते आहेस. आता तुझ्या वयाची झाल्यावर वाटतं, तुला घरात एक तरी अशी गोष्ट हवी होती जी मरणार नाही.

कंपनी झाली आणि आपल्या पडवीला सरकारी पत्ता मिळाला. नोंदणीकृत कार्यालय. बाहेर नावाची पाटी हवी आणि ती इथल्या भाषेतही हवी, असं सेक्रेटरीबाईंनी सांगितलं, तेव्हा तू एवढी मोठी मराठी पाटी रंगवून आणलीस की पडवीपेक्षा पाटीच आधी दिसायची. आपल्याकडचा पाऊस तुला माहीत आहे, मला काय सांगतेस म्हणशील. लाकूड असो, पत्रा असो, पंधरवड्यात शेवाळ धरतं. तू रोज सकाळी दारापुढं सडा घातलास की त्याच ओल्या हातानं पाटी पुसायचीस. काका चिडवायचे, "कंपनीचं तोंड धुतलं का?" तू म्हणायचीस, "व्हय, तुमीबी धुवा."

आणि ती गरम खोली! लोणावळ्यात माणसं येतात पावसाळ्यात, चादरी वापरतात पावसाळ्यात, आणि पावसाळ्यातच काही म्हणजे काही वाळत नाही. बाकीच्या लाँड्रीवाल्यांनी हात टेकले होते. तू जुन्या गोठ्याला वीटकाम करून घेतलंस, मधे कोळशाची शेगडी बसवलीस, भिंतीलगत पत्र्याचे पाइप फिरवलेस आणि वर दोऱ्या बांधल्यास. बाहेर धो धो पाऊस आणि आत चादरी वाळत आहेत. वार्षिक सभाही आपण तिथंच घ्यायचो. सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागायची, आणि तेव्हा आपल्या घरात बूड टेकवायला तेवढीच एक कोरडी जागा असायची. तू घंगाळ पालथं घालून त्यावर बसायचीस, अध्यक्ष. काकू इस्त्रीच्या टेबलाला टेकून. मी इतिवृत्त लिहायला. आपल्या तिघींच्या डोक्यावर हॉटेलचे टॉवेल लटकत असायचे, आणि तू गंभीर आवाजात वाचायचीस, "गणसंख्या पूर्ण हाय, सभा सुरू करनेत येत हाय." मी कॉलेजात होते, मला हसू आवरायचं नाही. चुलीपाशी तुम्ही दोघी दिवसभर एकमेकींसमोर असायचात, आणि नोटीस मात्र लेखी द्यायचात, पोच घ्यायचात. मला तो सगळा पोरखेळ वाटायचा.

पण मग ते भांडण झालं. एका हॉटेलला अर्धवट ओल्या चादरी गेल्या. त्यांचा माणूस गठ्ठा परत घेऊन आला आणि तू त्याच्यादेखत काकूकडं बोट केलंस. "हिच्या हातचं काम हाय. हिला घाई लय." एवढंच बोललीस. त्याआधी आपसात तुम्ही किती वाईट बोलायचात, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण हे परक्यासमोर होतं. काकूनं त्या संध्याकाळी तिची चूल वेगळी केली आणि तुझ्याशी बोलणं टाकलं. काम सोडलं नाही, वेळेवर यायची, इस्त्री करायची आणि जायची. तू काही विचारलंस तर भिंतीकडं बघायची. तूही कमी नव्हतीस. माफी हा शब्द तुझ्या तोंडातून मी कधी ऐकला नाही. काकांनी समजावून पाहिलं, काकूच्या माहेरचे येऊन गेले, कुणाचं काही चाललं नाही.

चालली ती तिमाही बैठक. दोघीच संचालक, गणसंख्या दोनाची. एक जरी आली नाही तरी बैठक होत नाही, आणि बैठक झाली नाही तर कायदा विचारतो. तू नोटीस माझ्या हाती न देता स्वतः नेऊन दिलीस, काकूनं न बघता पोच दिली. ठरल्या वेळी ती आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, पाहुणीसारखी. तू विषय वाचलेस. ती तुझ्याशी बोलणार नव्हती, म्हणून अध्यक्षांशी बोलली. "अध्यक्षांना सांगनेत येतं की आवंदाचा साबण हलका हाय, फेस धरत न्हाई." तू म्हणालीस, "अध्यक्षांनी नोंद घेतली." असं दोन बैठका चाललं. बाहेर गेलं की पुन्हा तोंडं फिरलेली.

तिसऱ्या बैठकीत तू शेवटी नेहमीसारखं विचारलंस, "अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे इषय. कुनाचा काय इषय?" आजवर कधी कुणाचा नसायचा. काकू शेगडीकडं बघत म्हणाली, "हाय. अध्यक्षांचा खोकला लय दिस चाललाय. कोळशाचा धूर छातीत बसलाय. डॉक्टरला दावावं, असं म्हननं हाय."

"हा कंपनीचा इषय न्हाई," तू म्हणालीस.

"अध्यक्ष पडल्यावर कंपनी कोन बगनार? मंग कंपनीचाच हाय."

खोलीत पाण्याचे थेंब शेगडीवर पडून चुरचुरत होते. मग मला म्हणालीस, "लिही. ठराव मंजूर." मी आगाऊपणानं विचारलं, सूचक कोण, अनुमोदक कोण? तू माझ्याकडं असं बघितलंस की मी पेन खाली ठेवलं. "सूचक ती," तू म्हणालीस. "अनुमोदक मी." दुसऱ्या दिवशी काकूच तुला घेऊन बाजारातल्या डॉक्टरकडं गेली. रिक्षात बसताना ती तुला म्हणाली, "अक्का, पदर घे कानावरनं, वारा हाय." बैठकीबाहेरचं ते तिचं पहिलं वाक्य. महिन्याभरात कोळशाची शेगडी जाऊन गॅसची आली, आणि चुली पुन्हा एक झाल्या. मी त्या दिवसापासून कायद्याला हसले नाही.

माझ्या लग्नात लोकांनी भांडी दिली, मिक्सर दिले. तू मला संचालक केलंस. मला राग आला होता, खरं सांगते. बाकीच्या मुलींच्या आया पैठणी देतात, माझ्या आईनं मला फॉर्मवर सही करायला लावली. तू हळूच म्हणालीस, "सासरी कुनी म्हनलं की सारखं म्हायेरी कशाला, तर सांग, मी संचालक हाय. लागोपाठ गैरहजर ऱ्हायलं तर पद जातंय." आणि तसंच झालं बघ. तळेगावातलं माझं सासर माणसांनी वाईट नव्हतं, पण सुनेनं उंबरा ओलांडायचा म्हणजे चार जणांना विचारायला लागायचं. सासरे रिटायर्ड सरकारी कारकून. शिक्का दिसला की त्यांचा आवाज बदलायचा. तुझी नोटीस रजिस्टर पोस्टानं यायची, ते चष्मा लावून वाचायचे आणि आत ओरडून सांगायचे, "तिची बोर्ड मीटिंग आहे, तिला जाऊ द्या." तळेगावहून लोकल पकडून मी तुझ्याकडं यायची. बैठक अर्ध्या तासात आटपायची. उरलेला सगळा दिवस मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. आई, तुझ्या साडीला नीळ आणि साबणाचा वास यायचा. तो वास मला आज हवा आहे. ते सोडून बाकी काही नको आहे.

तू गेलीस ती एका सकाळी, पाटी पुसताना. फडकं हातात होतं. घर माणसांनी भरलं, आणि मी कोपऱ्यात बसून होते. सेक्रेटरीबाई भेटायला आल्या, आणि जाताना दारात थांबून अवघडून म्हणाल्या, "आत्ता बोलू नये, पण संचालक गेल्याचं मुदतीत कळवावं लागतं. दाखला मिळाला की माझ्याकडं पाठवाल?" मी त्यांच्यावर चिडणार होते. काकू मधे पडली. "दे तिला. कंपनीला सुतक नसतंय. अक्का असती तर आत्ता उठून गेली असती द्यायला." तुझ्या मरणाच्या पहिल्या कागदावर मी तुझ्याच कंपनीसाठी सही केली. तुझे शेअर माझ्या नावावर झाले, अध्यक्ष मी झाले, आणि घंगाळावर बसायची वेळ आली तेव्हा उभ्यानंच बैठक घेतली.

लाँड्री तुझ्यानंतर काही वर्षं चालली. मग हॉटेलांनी आपापली मोठी यंत्रं आणली, कामं एकेक करून सुटली. काका गेले. काकूचा मुलगा सुदुंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात लागला होता, तो तिला तिकडं घेऊन गेला. गॅसची शेगडी आम्ही विकली. राहिली फक्त कंपनी. काही न धुणारी, काही न वाळवणारी, पण तिची वैरण चालूच. हिशेब तपासणारे शून्याखाली शून्य बघून सही करायचे. विवरणपत्र भरायला उशीर झाला तर दिवसागणिक दंड, म्हणून मी धसक्यानं वेळेत भरायची. आता तर संचालकांनी आपण आपणच आहोत हे मोबाईलवरूनही सरकारला सांगायचं असतं. काकूच्या फोनवर आकडे यायचे, ती ते मला एवढ्या मोठ्यानं वाचून दाखवायची की फोनची गरजच नव्हती. वर विचारायची, "एवढं इचारत्यात, मी जित्ती हाय का म्हून. यिऊन बगा म्हनावं."

तू गेल्यानंतर कायदाच नवा आला आई. आपल्यासारख्या लहान कंपनीला आता वर्षातून दोन बैठका पुरतात. सेक्रेटरीबाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी काकूला सांगितलं नाही. मी चारच घेत राहिले. दर तिमाहीला नोटीस, मग सुदुंबऱ्याला जायचं, तिच्या ओसरीवर बसायचं, विषय वाचायचे, आणि "आयत्या वेळचे विषय" म्हटलं की काकू तुझ्याबद्दल बोलायला लागायची. तू कशी उपाशी राहून उपास आहे म्हणायचीस. नवी नवरी म्हणून काकू आली तेव्हा तू तिच्या वाटचं पाणी आठवडाभर भरलंस, ते कुणाला कळू दिलं नाहीस. हे सगळं मला तू कधी सांगितलं नव्हतंस. हे ऐकायला मी वर्षातून चार वेळा जायची. नोटीस दिल्याशिवाय मात्र एकदाही गेले नाही. कसं जायचं तेच मला येत नाही. तू मला बोलावल्याशिवाय आणि कारणाशिवाय यायला शिकवलंच नाहीस.

गेल्या उन्हाळ्यातल्या बैठकीत मी विचारलं, आयत्या वेळचे विषय. काकू म्हणाली, "हाय. कंपनी बंद करावी."

मला वाटलं, मुलानं काही शिकवलं असेल. मी विचारलं, कुणी सांगितलं तुला? ती म्हणाली, "कुनी न्हाई. माजं गुडघं ऱ्हायलं न्हाईत. उद्या मी गेले की दुसरा संचालक हुडकीत फिरशील. त्यापरीस हातपाय हाललेत तवर सही करून दिते." मी म्हणाले, ती कंपनी मरत नाही म्हणून आईनं काढली होती. काकूनं माझ्या हातावर चापट मारली. मग म्हणाली, "अक्कानं ती तुला घरी आणाया काडली हुती, येडे. आन मला बोलती कराया." आणि वर म्हणाली, "सेक्रेटरीबाईनं मला कवाच सांगितलंय, दोनच बैठका लागत्यात. तू चार येतीस. मी काय बोलले का? पर तुला काकूला भेटाया कायद्याची काठी कशाला गं लागती?"

मी कप हातात फिरवत राहिले. चहा गार झाला.

शेवटची सभा मात्र वलवणलाच घ्यायची असं तिनं सांगितलं, गरम खोलीत. मी तिला गाडीनं घेऊन आले. खोली गार, भिंतींना ओल, दोऱ्या रिकाम्या. काकूनं पत्र्याच्या पाइपावर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि काढून घेतला. मी ठराव वाचला. काकू सूचक, मी अनुमोदक. विरोधात कुणी नाही. सह्या झाल्यावर रीतीप्रमाणे अध्यक्षांचे आभार मानायचे होते. अध्यक्ष मी होते. काकू हात जोडून म्हणाली, "अध्यक्षांचे आभार," आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. कोपऱ्यात पालथं पडलेल्या घंगाळाकडं बघत होती. मी सभा संपल्याचं जाहीर केलं आणि मग आम्ही दोघी रडलो. ते इतिवृत्तात नाही.

आता ही तिमाही सरली. नोटीस गेली नाही, कारण आता बैठक कसली घ्यायची? परवा काकूचा फोन आला. "अगं, या टायमाची नोटीस न्हाई आली. बरी हाईस न्हवं?" मी म्हणाले, काकू, कंपनी बंद होते आहे, तूच तर सही केलीस. "व्हय की," ती म्हणाली. "मंग तशीच ये की." मी येते म्हणाले. अजून गेलेले नाही. काकू म्हणाली ते खरं होतं आई, काठी काढून घेतल्यावर मला चालता येत नाही. उद्या सकाळी निघेन म्हणते. आल्याचं कारण विचारलं तर काय सांगू, एवढं ठरलं की निघेन.

आज वलवणला येऊन पाटी पुसली. सरकारी यादीतून कंपनीचं नाव कमी होईपर्यंत ती काढता येत नाही. आणि इथंच पडवीत बसून हे लिहिते आहे. हे कुठल्या पत्त्यावर टाकू? तुझं नाव ज्या पत्त्यावर होतं तो हाच, आणि मी त्याच पत्त्यावर बसले आहे. आणखी एक सांगायचं राहिलं. कंपनीचं नाव काढून टाकण्याआधी सरकार जाहीर सूचना देतं, कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, एकही आली नाही, छान झालं. मी पण छान म्हणाले. आई, एक हरकत होती. माझी. मुदत काल संपली.